तुमचा राजा कोण? सामोआ बेटांवरची यादवी आणि तीन परकी निशाणं

‘यादवी’ हा शब्द आपल्याला महाभारताने दिला. प्रभासक्षेत्री यादव आपसात भिडले, समुद्रकाठचं एरका गवत उपटून त्यांनी एकमेकांना मारलं आणि अख्खं कुळ संपलं. तेव्हापासून घरातल्या घरात पेटलेल्या लढाईला आपण यादवी म्हणतो, आणि म्हणता म्हणता मनात निवाडाही करून टाकतो: भांडण त्यांचं, दोषही त्यांचाच.

प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांच्या इतिहासात अशा दोन यादवी नोंदलेल्या आहेत. पहिली साधारण १८८६ ते १८९४, दुसरी १८९८–९९. भाऊबंद भाऊबंदांवर उठले हे खरं आहे. पण त्यांच्या हातातलं गवत त्या किनाऱ्यावर उगवलं नव्हतं. बंदुका जहाजांतून आल्या होत्या, त्यांची किंमत जमिनीत फेडली गेली होती, आणि कोण जिंकलं हे सांगायला बंदरात तीन देशांच्या युद्धनौका नांगर टाकून उभ्या होत्या.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणू. हवाई आणि न्यूझीलंड यांच्या साधारण मध्यावर ही ज्वालामुखीची बेटं आहेत. पश्चिमेला सवाइई आणि उपोलू ही दोन मोठी, पूर्वेला तुतुइला आणि मनुआ ही लहान. सगळी जमीन मिळून गोव्याहूनही कमी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास. उपोलूच्या उत्तर किनाऱ्यावर आपिया बंदर, आणि तुतुइलावर पांगो पांगो. (नकाशांत ‘पागो पागो’ छापलेलं असतं, पण सामोअन लोक त्या ‘ग’चा उच्चार नाकातून, ‘ङ’सारखा करतात.)

एवढ्याशा जमिनीसाठी जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका एकमेकांशी युद्धाच्या उंबरठ्यापर्यंत गेले. ते का, हे कळायला आधी सामोअन लोकांची घडी समजून घ्यावी लागते.

नावं आणि माणसं

सामोआत राजा होता का? या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तरच नाही. पुढचा सगळा अनर्थ इथूनच सुरू होतो.

तिथे सगळं भावकीपासून सुरू होतं. तिला आइंगा म्हणतात. प्रत्येक भावकीकडे एक किंवा अधिक पदव्या असतात, आणि पदवी म्हणजे एक नाव. ते नाव जो धारण करतो तो मताई, भावकीचा प्रमुख. जमीन त्याच्या देखरेखीखाली असते, निर्णय त्याच्या तोंडून बाहेर पडतो. माणूस मरतो, नाव मागे राहतं, आणि मग ते कोणाला द्यायचं हे भावकी बसून ठरवते. आपल्याकडच्या पाटीलकीशी याचं थोडं साम्य आहे, पण पाटीलकी सहसा बापाकडून थोरल्याकडे जायची. इथे धाकटा मुलगा, पुतण्या, बहिणीचा मुलगा, दत्तक, कोणीही दावा सांगू शकतो. एका नावावर दोन-तीन लायक दावेदार उभे राहणं ही नेहमीची गोष्ट होती.

गावाच्या सभेला फोनो म्हणतात. ती भरते ते घर बिनभिंतींचं, नुसत्या खांबांवर उभं. कोणत्या पदवीच्या माणसाने कोणत्या खांबाला पाठ टेकायची हे ठरलेलं. मध्ये लाकडी पातेल्यात आवा कालवतात. मिरीच्या कुळातल्या एका झुडपाच्या मुळ्यांचं हे मातकट चवीचं पेय. नारळाच्या करवंटीतून ते पहिल्यांदा कोणाला द्यायचं यात सगळ्या सभेचा मानपान दिसतो. बोलायचं काम तुलाफाले करतात. हे वक्ते मताई. हातात लांब काठी, खांद्यावर काथ्याची चवरी. मोठमोठ्या पदव्या कोणाच्या पदरात पडणार हे खरं तर या वक्त्यांच्या गटांवर अवलंबून असायचं. नाव मिरवणारा एक आणि नाव देणारे दुसरे, अशी ती रचना.

या सगळ्याच्या वर चार थोर पदव्या. चारही ज्याला मिळाल्या तो ताफाइफा. चारही पदव्या एका व्यक्तीकडे पहिल्यांदा आल्या त्या सालामासिना नावाच्या स्त्रीकडे, सुमारे पाचशे वर्षांपूर्वी. पण देणारे गट वेगवेगळे असल्याने असा योग क्वचितच यायचा. एरवी त्या पदव्या प्रतिस्पर्ध्यांत वाटलेल्या असत. लढाईत जी बाजू वरचढ ठरली ती मालो, जी हरली ती वाइवाइ, म्हणजे दुबळी. मालो काही वर्षं वरचष्मा गाजवायचे, वाइवाइ सोसायचे, आणि संधी मिळताच पुन्हा उठायचे.

हे सगळं गोडीगुलाबीने चालायचं असं कोणी समजू नये. १८३० मध्ये पहिले इंग्रज मिशनरी सवाइईवर उतरले तेव्हा उपोलूच्या आआना जिल्ह्यात जी लढाई चालली होती, ती अंगावर काटा आणणारी होती. मात्र लढाई मिटवायच्या रीतीही तितक्याच पक्क्या होत्या. त्यातली एक, इफोंगा, मला फार थोर वाटते. ज्यांच्या माणसाच्या हातून गुन्हा घडला, त्यांचा मताई पहाटेच्या अंधारात पीडित घराच्या अंगणात येऊन बसतो, डोक्यावरून एक चटई पांघरून. ही चटई साधी नसते. केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांचे बारीक धागे काढून ती विणतात, एकेका चटईला महिनेच्या महिने लागतात, आणि झाली की कापडासारखी मऊ असते. घरात ती पिढ्यान्‌पिढ्या जपतात. समोरच्या घराने ती चटई त्याच्या डोक्यावरून उचलली, तर क्षमा झाली. नाही उचलली, तर अंगणात बसलेल्याचा जीव त्यांच्या हातात. इफोंगा आजही होतो.

आता तीन नावं लक्षात ठेवायची. पहिलं मालिएतोआ. तोंगाच्या लोकांची सत्ता सामोअनांनी उलथून टाकली, तेव्हा परतीच्या वाटेवर तोंगाच्या राजाने शत्रूच्याच वीरांना दाद दिली, ‘मालिए तोआ’, म्हणजे शाब्बास वीरा. त्यातून ही पदवी आली अशी कथा सांगतात. दुसरं थोर घराणं तुपुआ. त्याच्या दोन शाखा, मताआफा आणि तमासेसे. मालिएतोआ, मताआफा, तमासेसे: पुढची साठ-सत्तर वर्षं या तीन नावांभोवतीच फिरतात.

अशा या देशात परका माणूस उतरला आणि त्याने विचारलं, तुमचा राजा कोण? त्याला खरेदीखतावर सही हवी होती, तहावर शिक्का हवा होता, पैसे बुडाले तर ठोठावायला एक दार हवं होतं. सामोअनांच्या व्यवस्थेला अशा एका माणसाची गरजच नव्हती. भांडण परक्यांनी आणलं नाही. ते आधीपासून होतं. परक्यांनी त्या भांडणाच्या टोकाला एक नवं बक्षीस बांधलं. ज्याला ते राजा म्हणतील त्याला बंदुका, कराचा पैसा आणि युद्धनौकेचा आधार. आणि हरलेल्याला जवळ करायला दुसऱ्या देशाचा कॉन्सल, म्हणजे तिथे नेमलेला सरकारी प्रतिनिधी, तयारच असे. मग कोणताही पराभव शेवटचा उरेना.

खोबऱ्याचा धंदा

परके आले खोबऱ्यासाठी. जगाच्या बाजारात ज्याला कोप्रा म्हणतात, तो शब्द आपल्या शेजारचाच. मलयाळममधलं ‘कोप्परा’ पोर्तुगिजांनी उचललं आणि जगभर नेलं. आपलं खोबरंही त्याच गोतावळ्यातलं. नारळ फोडून वाट्या उन्हात वाळवल्या की खोबरं टिकतं आणि वजनाला हलकं होतं, हे कोकणात कोणाला सांगायला नको. युरोपात त्या काळी साबण आणि मेणबत्त्यांसाठी तेलाला जबरदस्त मागणी होती.

हॅम्बुर्गच्या गोडेफ्रॉय पेढीने १८५७ मध्ये आपियात ठाणं मांडलं. सुरुवातीला बेटांवरच तेल काढून पिंपांतून पाठवत. त्यात गळती आणि नासाडी फार. पुढे त्यांनी वाळवलेलं खोबरंच न्यायला सुरुवात केली. तेल युरोपात यंत्राने काढायचं, उरलेली पेंड गुरांना घालायची. या एका बदलाने धंद्याचं रूप पालटलं. आता नुसती खरेदी पुरेना, स्वतःचे मळे हवेत. थेओडोर वेबर या व्यवस्थापकाने उपोलूवर जमिनी घ्यायचा सपाटाच लावला. मळ्यात राबायला सामोअन तयार होत नसत, कारण त्यांच्याकडे भावकीची जमीन होती आणि पोटाला काही कमी नव्हतं. म्हणून गिल्बर्ट, सोलोमन, न्यू हेब्रिडीज अशा दूरच्या बेटांवरून करारावर मजूर आणले गेले. त्यांच्या हालांचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. गोडेफ्रॉय पेढी १८७९ मध्ये बुडाली, पण तिचे मळे एका नव्या जर्मन कंपनीकडे गेले आणि कारभार तसाच चालू राहिला.

बंदुकीला जमीन

१८६९ मध्ये मालिएतोआ या नावावरून लाउपेपा आणि त्याचा चुलता तालावोऊ यांच्यात लढाई जुंपली. काका-पुतण्याचं भांडण आणि दारात टपून बसलेला परका, हा प्रसंग मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. चार वर्षं ही लढाई चालली. दोन्हीकडच्या लोकांना नव्या धर्तीच्या बंदुका हव्या होत्या आणि व्यापारी त्या जमिनीच्या बदल्यात द्यायला तयार होते. जमीन भावकीची, विकणारा मात्र एकटाच कोणी. कधी एकच तुकडा दोघांना विकलेला, कधी विकणाऱ्याचा त्यावर हक्कच नसलेला. पेरणी-लागवड बुडालेली, घरं जळालेली, आणि शत्रू पलीकडच्या डोंगरात. अशा वेळी माणूस काय काय विकेल?

याचा हिशेब पुढे १८९० च्या दशकात लागला. तिन्ही सत्तांनी नेमलेल्या जमीन आयोगापुढे परक्यांनी जे दावे मांडले, त्यांची बेरीज भरली सुमारे १७ लाख एकर. सगळ्या सामोआचं क्षेत्रफळच साडेसात लाख एकरांच्या आत! डोंगर, लाव्हाचे खडक, गावं, स्मशानं सगळं धरून जेवढा देश, त्याच्या दुपटीहून जास्त जमीन कागदावर विकली गेली होती. आयोगाने त्यातले जेमतेम आठ टक्के दावे मान्य केले. पण ते सुमारे १ लाख ३५ हजार एकर म्हणजे उपोलूवरची चांगली, सपाट, समुद्राजवळची जमीन होती, आणि त्यातला मोठा वाटा जर्मनांचा.

मधल्या काळात एक चांगला मार्ग निघता निघता राहिला. अल्बर्ट स्टाइनबर्गर नावाचा एक अमेरिकन १८७३ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा खास दूत म्हणून आला आणि १८७५ मध्ये सामोआचा पंतप्रधानच झाला. राजेपद मालिएतोआ आणि तुपुआ या घराण्यांत चार-चार वर्षांनी आलटून पालटून जावं, अशी घटना त्याच्या काळात तयार झाली. सामोअन मनाला पटेल असा तोडगा होता. पण त्याने गोडेफ्रॉय पेढीशी गुप्त करार केलेला होता, कॉन्सल मंडळी त्याच्यावर उठली, आणि १८७६ मध्ये ब्रिटिश युद्धनौकेवर घालून त्याला हाकलण्यात आलं. त्याची घटनाही त्याच्याबरोबर गेली.

मग तह आले. १८७८ मध्ये अमेरिकेने पांगो पांगोला कोळशाचं ठाणं मिळवलं. वाफेच्या जहाजांना वाटेत कोळसा लागायचा आणि ते बंदर खोल, चहूबाजूंनी डोंगरांनी झाकलेलं होतं. १८७९ मध्ये जर्मनी आणि ब्रिटन यांनी आपापले तह केले. आपिया गावाचा कारभार तिन्ही कॉन्सलांच्या हाती गेला. पुढे लाउपेपा राजा आणि तमासेसे उपराजा अशी मांडणी झाली, आणि दोघांच्या मागे वेगवेगळी निशाणं उभी राहू लागली.

लाउपेपाने सुटकेची एक निराळी वाट शोधून पाहिली. हवाईचा राजा कालाकाऊआ याने पॉलिनेशियन बेटांचा संघ करायचं मनावर घेतलं होतं. त्याचे दूत आपियात आले आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये लाउपेपाने हवाईशी संघ करण्याच्या करारावर सही केली. बेटवाल्यांनी बेटवाल्यांचा हात धरायचा हा प्रयत्न काही महिन्यांतच संपला. हवाईतल्या गोऱ्या मळेवाल्यांनी त्याच वर्षी कालाकाऊआचे अधिकार काढून घेतले, आणि सहा वर्षांनी हवाईचं राज्यच गेलं. तरी ती सही मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यावरून दिसतं की सामोअन नुसते ओढले जात नव्हते, तेही डोकं लढवत होते.

वादळ

ऑगस्ट १८८७ मध्ये जर्मनीने लाउपेपावर युद्ध पुकारलं. निमित्त काय, तर जर्मन मळ्यांतल्या चोऱ्या आणि कैसरच्या वाढदिवशी आपियात झालेली मारामारी. आपल्या माणसांचं रक्त सांडू नये म्हणून लाउपेपा स्वतःहून स्वाधीन झाला. त्याला जहाजावर घालून आफ्रिकेत कॅमेरूनला, तिथून हॅम्बुर्गला आणि शेवटी मार्शल बेटांवर नेऊन ठेवलं. इकडे तमासेसे राजा झाला आणि ब्रांडाइस नावाचा एक जर्मन त्याचा पंतप्रधान. डोईपट्टी लागली. त्यावर कडी म्हणजे तमासेसेने मालिएतोआ हे नावही आपल्या पदव्यांत जोडून घेतलं. कर एक वेळ सोसता आला असता. दुसऱ्या घराण्याचं नाव उचलणं म्हणजे त्यांच्या पूर्वजांच्या जागी जाऊन बसणं.

सप्टेंबर १८८८ मध्ये मताआफा योसेफो उठला. हा मोठा वकूबाचा, धर्माने कॅथलिक, शांत स्वभावाचा माणूस. मालिएतोआचे लोकही त्याच्यामागे उभे राहिले. १८ डिसेंबरला फांगालिईजवळ, वाइलेले मळ्याच्या परिसरात, जर्मन नौसैनिकांची तुकडी किनाऱ्यावर उतरली आणि मताआफाच्या माणसांनी तिला गाठलं. पंधरा-सोळा जर्मन मारले गेले, कितीतरी जखमी झाले. बर्लिनमध्ये संताप उसळला. वॉशिंग्टनमध्ये जर्मनीविरुद्ध भाषणं सुरू झाली. मार्च १८८९ मध्ये आपियाच्या चिंचोळ्या बंदरात सात युद्धनौका उभ्या होत्या: तीन अमेरिकन, तीन जर्मन, एक ब्रिटिश.

आपियाचं बंदर म्हणजे प्रवाळाच्या खडकांमधली एक खाच, उत्तरेला उघडी. वारा उत्तरेचा सुटला की जहाजाला पळायला जागा नाही. हवेचा दाब उतरू लागला तेव्हा सगळ्या कप्तानांना कळत होतं की खुल्या समुद्रात निघून जायला हवं. पण आधी कोण निघणार? जो निघेल त्याने माघार घेतली असं दिसलं असतं.

१५ आणि १६ मार्चला चक्रीवादळ बंदरात घुसलं. ‘एबर’ ही जर्मन नौका खडकावर आपटून जवळजवळ सगळ्या माणसांसह गेली. ‘आडलर’ लाटेने उचलून प्रवाळावर आडवी फेकली. ‘व्हँडालिया’ बुडाली आणि तिच्या डोलकाठ्यांना माणसं लटकून राहिली. ब्रिटिश ‘कॅलिओपी’ तेवढी इंजिनाचा सगळा जोर लावून इंचाइंचाने बाहेर पडली. ती शेजारून जात असताना बुडायच्या बेतात असलेल्या अमेरिकन ‘ट्रेंटन’वरच्या खलाशांनी तिचा जयजयकार केला. सहा युद्धनौका बुडाल्या किंवा किनाऱ्यावर चढल्या. सुमारे दीडशे खलाशी मेले.

आणि त्या पहाटे किनाऱ्यावर हाताला हात धरून साखळी करणारे, उसळत्या पाण्यात शिरून माणसं ओढून काढणारे होते सामोअन. त्यांत मताआफाचेही लोक होते. तीन महिन्यांपूर्वी ज्या जर्मनांशी ते लढले होते, त्याच जर्मनांना त्यांनी बाहेर काढलं. मला या साऱ्या इतिहासात हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. लढाई आणि माणुसकी यांच्या जागा त्या लोकांच्या मनात वेगवेगळ्या होत्या.

जागा बदलतात

वादळाने युद्ध टळलं. तिन्ही सत्ता बर्लिनला बसल्या आणि जून १८८९ मध्ये करार झाला: सामोआ स्वतंत्र, राजा सामोअनांनी निवडायचा; पण वरिष्ठ न्यायाधीश परका, आपिया नगरपालिकेचा अध्यक्ष परका, आणि राजेपदाचा वाद झाला तर निकाल त्या न्यायाधीशाचा. सध्यापुरता राजा लाउपेपा. लोकांचा कौल मताआफाच्या बाजूने होता, लाउपेपाही थकून परतला होता. पण वाइलेलेला पडलेल्या खलाशांमुळे जर्मनीने मताआफाचं नाव मान्यच केलं नाही.

१८९३ मध्ये पुन्हा लढाई झाली, मताआफा हरला आणि त्याचीही रवानगी मार्शल बेटांवर झाली, जिथे आधी लाउपेपाला ठेवलं होतं. त्याच्या बाजूचे मताई आपियाच्या तुरुंगात पडले. त्या काळात आपियाजवळ वाइलिमाला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा स्कॉटिश लेखक राहायचा. सामोअन त्याला तुसिताला, म्हणजे गोष्टी लिहिणारा, म्हणत. तो या कैद्यांना खाणंपिणं, तंबाखू, आवा नेऊन द्यायचा. सुटल्यावर त्या मताईंनी त्याच्या घरापर्यंतचा रस्ता स्वतः खपून बांधून दिला. सामोआत मोठा मताई रस्ता खणायला उभा राहतो ही साधी गोष्ट नव्हे.

ऑगस्ट १८९८ मध्ये लाउपेपा वारला. मताआफा हद्दपारीतून परतला. एका बाजूला तो, वयस्क, मुरलेला, बहुसंख्य जिल्ह्यांचा पाठिंबा असलेला. दुसऱ्या बाजूला लाउपेपाचा मुलगा तनुमाफिली, मिशनच्या शाळेत शिकणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. ३१ डिसेंबरला वरिष्ठ न्यायाधीश विल्यम चेंबर्स या अमेरिकनाने निकाल दिला: राजा तनुमाफिली. कारण? दहा वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये जर्मनीने मताआफाला नको म्हटलं होतं.

आता गंमत नाही, पण विचार करण्यासारखी गोष्ट ही की दरम्यान जर्मनी मताआफाच्या बाजूला गेला होता. तमासेसे घराणं, जे जर्मनांनीच गादीवर बसवलं होतं, ते आता तनुमाफिलीच्या म्हणजे इंग्रज-अमेरिकनांच्या बाजूला होतं. सगळ्यांच्या जागा बदललेल्या, भांडण तेच. परक्यांना यातला कोणीच प्रिय नव्हता. बेटावर ज्याचा आज उपयोग, तो आज राजा.

१ जानेवारी १८९९ ला मताआफाच्या लोकांनी आपिया घेतलं. मार्चच्या मध्यापासून अमेरिकन ‘फिलाडेल्फिया’ आणि ब्रिटिश नौकांनी किनाऱ्यावरच्या गावांवर तोफा डागल्या. १ एप्रिलला इंग्रज-अमेरिकन सैनिक आणि त्यांच्या बाजूचे सामोअन यांची संयुक्त तुकडी मताआफाच्या माणसांच्या दबा धरलेल्या टोळीत सापडली. दोन अमेरिकन आणि एक ब्रिटिश अधिकारी तिथे पडले. ठिकाण कोणतं? वाइलेले. तोच जर्मन मळा.

मे महिन्यात तिन्ही देशांचे आयुक्त आले. दोन्ही बाजूंकडून हजारो बंदुका गोळा केल्या आणि राजेपदच रद्द करून टाकलं. ज्या पदासाठी तीस वर्षं माणसं मेली, ते पद परक्यांनी मागितलं म्हणून उभं राहिलं होतं आणि परक्यांना अडचण झाली तेव्हा एका उन्हाळ्यात गेलं.

२ डिसेंबर १८९९ ला वॉशिंग्टनमध्ये वाटणीचा करार झाला. पश्चिमेची बेटं जर्मनीला, पूर्वेची अमेरिकेला. ब्रिटन तेव्हा दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी युद्धात अडकलेला; त्याने सामोआवरचा दावा सोडला आणि बदल्यात तोंगा, सोलोमन बेटांतला काही भाग आणि पश्चिम आफ्रिकेतल्या हद्दीत सवलत घेतली. पॅसिफिकमधल्या एका देशाचा हिशेब आफ्रिकेतल्या जमिनीने चुकता झाला. या करारावर एकाही सामोअनाची सही नव्हती. ज्या सहीसाठी एवढी वर्षं राजा हवा होता, तिची आता गरजच उरली नाही.

१९०२ मध्ये स्वीडनच्या राजाने लवाद म्हणून निकाल दिला की १८९९ ची ती लष्करी कारवाई ब्रिटन आणि अमेरिकेने करायला नको होती. तोपर्यंत निशाणं चढून दोन वर्षं झाली होती.

रेघ

जर्मन राज्य चौदा वर्षं टिकलं. मताआफाला मानाची पदवी मिळाली, सत्ता गव्हर्नर सोल्फकडे राहिली. विरोध करणाऱ्या लाउआकी या थोर वक्त्याला १९०९ मध्ये सायपानला हद्दपार केलं. मायदेशी परतताना वाटेतच तो गेला. पहिलं महायुद्ध सुरू होताच ऑगस्ट १९१४ मध्ये न्यूझीलंडने पश्चिम सामोआ ताब्यात घेतला.

त्या वाटणीच्या रेघेचा अर्थ लोकांना खऱ्या अर्थाने कळला १९१८ मध्ये. ७ नोव्हेंबरला ‘तालुने’ हे जहाज ऑकलंडहून आपियात आलं. जहाजावर इन्फ्लुएन्झाचे रोगी होते, तरी त्याला अलग ठेवलं गेलं नाही. काही आठवड्यांत सुमारे साडेआठ हजार माणसं मेली. लोकसंख्येचा पाचवा हिस्सा. घरंच्या घरं आजारी, पुरायला माणूस नाही. मताईंची अख्खी पिढी, पदव्यांची वंशावळ तोंडपाठ असणारे वक्ते, सगळे गेले. पलीकडे तुतुइलावर अमेरिकन गव्हर्नर पॉयर याने बंदर कडेकोट बंद केलं, आणि तिथे या साथीने एकही माणूस दगावला नाही. एकच भाषा, एकच नाती, मध्ये फक्त समुद्राची एक पट्टी.

त्या दुःखातून पश्चिम सामोआत माऊ ही अहिंसक चळवळ उभी राहिली. कर द्यायचे नाहीत, सरकारी समित्यांत बसायचं नाही. २८ डिसेंबर १९२९ ला आपियात शांतपणे चाललेल्या मिरवणुकीवर न्यूझीलंडच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. लोकांना शांत राहा असं ओरडून सांगत असताना चळवळीचा नेता तुपुआ तमासेसे लेआलोफी तिसरा याला गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. माझ्या रक्ताचा सूड घेऊ नका, असं त्याचं मरतानाचं सांगणं होतं, आणि लोकांनी ते पाळलं.

१ जानेवारी १९६२ ला पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. राष्ट्रप्रमुख कोणाला करायचं? त्यांनी दोघांना केलं, एकाच वेळी, जन्मभरासाठी: तुपुआ तमासेसे मेआओले आणि मालिएतोआ तनुमाफिली दुसरा. हा दुसरा म्हणजे १८९९ च्या त्या शाळकरी राजाचा मुलगा. पंतप्रधान मताआफा मुलिनुऊ दुसरा. मालिएतोआ, मताआफा, तमासेसे, तिन्ही नावं एकाच घरात बसली, आपापल्या खांबाला पाठ टेकून. त्या पंतप्रधानाची मुलगी फियामे नाओमी मताआफा २०२१ मध्ये देशाची पहिली स्त्री पंतप्रधान झाली. आणि देशातली ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन आजही भावक्यांच्याच नावावर आहे.

पूर्वेचा भाग अजून अमेरिकेकडे आहे. तिथे जन्मलेले लोक अमेरिकेचे ‘राष्ट्रजन’ असतात, जन्माने नागरिक नसतात.

१८९२ मध्ये, लाउपेपा राजा असताना, अमेरिकन व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून सामोआने आपलं कॅलेंडर अमेरिकेच्या बाजूला वळवलं होतं. त्या वर्षी तिथे ४ जुलै हा दिवस दोनदा आला. आता व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी, म्हणून २०११ मध्ये स्वतंत्र सामोआने कॅलेंडर परत फिरवलं आणि त्या वर्षी ३० डिसेंबर हा दिवस तिथे उगवलाच नाही. अमेरिकन सामोआ जिथे होता तिथेच राहिला. त्यामुळे आज आपियाहून मावशीच्या घरच्या लग्नाला पांगो पांगोला निघालेला माणूस शनिवारी सकाळी छोट्या विमानात बसतो, पाऊण तासाच्या आत पोचतो, आणि उतरतो तेव्हा तिथे शुक्रवार असतो.